चावा, उघडा, चावा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. बहिणीला नाही, जिला मी लहानपणी चोरून खाल्लेल्या कैऱ्यांपासून सगळं सांगत आले. देवापुढे बसते तेव्हासुद्धा या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. आणि खरं कारण कदाचित हे असेल, की तुमचे दात माझ्या हातात नाहीत.

मी दातांची डॉक्टर आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, मी तेवीस वर्षं त्यावरच पोट भरते आहे. हा विनोद मी पेशंटना ऐकवते. ते हसतात, हसले की तोंड उघडतं, आणि मी कामाला लागते. माझा हात हलका आहे. हे फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनेच. इंजेक्शन दिलेलं कळलंसुद्धा नाही, असं लोक बाहेर जाऊन सांगतात. माझा हात जड असता ना, तर पुढचं काही घडलंच नसतं. ज्याच्यावर विश्वास बसत नाही त्याच्या खुर्चीत पुन्हा पुन्हा कोण येऊन बसतं?

राहते विरारला, मनवेलपाड्यात. दवाखाना मात्र वसईजवळच्या उमेळ्यात, सासऱ्यांच्या ओळखीने मिळालेल्या गाळ्यात. मी तिथे आले तेव्हा रस्त्याच्या एका अंगाला अजून केळी होत्या. आता दोन्ही अंगांना इमारती आहेत. माझ्या इमारतीला एका फुलाचं नाव आहे आणि ते फुलझाड आता तिथे कुठेच नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्या हेमाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसता बसता खाली फरशीकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरबाई, ही जिथे तुमची खुर्ची आहे ना, तिथेच माझ्या माहेरची विहीर होती. बुजवली." मीही हसले. त्यानंतर मात्र त्या खुर्चीशेजारी उभी राहिले की कधी कधी पायाखाली पोकळ आहे असं वाटायचं. अजूनही वाटतं.

त्या जवळच्याच निर्मळ गावात दिलेल्या. सासरची फुलांची आणि केळीची वाडी, दाराशी दोन सोनचाफे. वय तेव्हा चाळिशीच्या अलीकडचं. हसऱ्या, भरभर बोलणाऱ्या, आपल्या दुखण्याबद्दल बोलताना जरा ओशाळणाऱ्या. काय होत होतं त्यांना? थांबा, तुम्हाला दाखवतेच. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी सरकलं ना? तो जबड्याचा सांधा. काहींचा तिथे 'कट्' असा आवाज होतो. तुमचा झाला आणि दुखत नसेल, तर घाबरू नका. खूप जणांचा होतो, त्याला काही करावं लागत नाही.

बघा. तुम्हाला किती सहज सांगितलं मी हे.

हेमाताईंचा डाव्या बाजूला कट् वाजायचा, आणि दुपारपर्यंत कानापुढे ठणका लागायचा. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून सांगितलं होतं. गरम पाण्याचा शेक, चार दिवस मऊ भात, थोडी विश्रांती एवढ्यावर भागलं असतं. पण मी नेमकी त्याच महिन्यात एका दोन दिवसांच्या शिबिराहून आले होते. शिकवणारे गृहस्थ मोठ्या आवाजाचे, पडद्यावर मोठमोठी चित्रं, आणि एकच मंत्र — जबड्याच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ चाव्यात असतं. चावा म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते. तो सरळ करा, सांधा आपोआप सरळ होतो. मी वही भरून आणली होती. नवीन यंत्र आणलं होतं. नवं शिकलेलं कोणावर तरी करून बघायची घाई झाली होती मला. आणि त्याच आठवड्यात हेमाताई विहिरीवरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

मी आधी त्यांच्या दातांचे प्लास्टरचे साचे काढले. वरचा आणि खालचा. ते एकमेकांवर ठेवले. बसले. जरासुद्धा डुगडुगले नाहीत. हे मी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा, मी पाहिलं होतं. पण शिबिरात सांगितलं होतं की साचे फसवतात, कागद फसवत नाही.

हा कागद म्हणजे निळ्या शाईचा पातळ पट्टा. तो दातांच्या मध्ये धरायचा आणि पेशंटला म्हणायचं, चावा. उघडा. पुन्हा चावा. जिथे दात टेकतो तिथे निळा डाग उमटतो. जिथे डाग गडद, तिथे दात 'उंच'. तो डाग बारीक यंत्राने घासून काढायचा. मग पुन्हा कागद. चावा, उघडा, चावा. हेमाताईंच्या डावीकडच्या मागच्या दाढेवर एक गडद ठिपका आला, आणि मला इतका आनंद झाला — काय सांगू! चोर सापडल्यासारखा.

आता हे ऐका. कोणाच्याही तोंडात तो कागद धरा, डाग पडतोच. तुमच्या, माझ्या, पोराबाळांच्या. दात एकमेकांना टेकण्यासाठीच असतात ना? शोधणाऱ्याला डाग मिळाला नाही असं होतच नाही. हे शिबिरात कोणी सांगितलं नाही. आणि मला स्वतःला सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही.

मी ती दाढ घासली. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की परत येत नाही. केस येतात, नख येतं, सोललेली कातडी येते. हे येत नाही. पहिल्या दिवशीच्या धुराळ्यात किती गेलं असेल? तांदळाच्या कणीएवढंही नाही. हेमाताईंनी चूळ भरली, आणि आठ दिवसांनी सोनचाफ्याची फुलं घेऊन आल्या. ठणका थांबला होता. असले ठणके येतात आणि जातात, तो तसाही थांबला असता. पण समोरून श्रेय चालत आलं तर कोण दार लावून घेतं?

महिन्याभरात ठणका परत आला. शिवाय आता उजव्या बाजूची दाढ आधी लागते आहे असं त्यांना वाटू लागलं. कागद. डाग. घासलं. मग पुन्हा डावीकडे. मग पुढे. डुगडुगणाऱ्या स्टुलाचा एक पाय कापावा, मग दुसरा कापावा, आणि स्टूल बुटकं होत जावं, तसं चाललं होतं. त्या दर वेळी यायच्या, मी दर वेळी कागद धरायची. एकदाही असं झालं नाही की डाग आला नाही.

वर्षभरात त्यांच्या दातांना थंड पाणी सोसेना. नंतर वाराही सोसेना, स्कूटरवरून येताना पदर तोंडावर धरून यायच्या. मग एके दिवशी त्या जे म्हणाल्या ते ऐकून माझ्या हातातलं यंत्र बंद झालं. अगदी हळू म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तोंड मिटलं की दात कुठे टेकवायचे तेच समजत नाही. दिवसभर जबडा आपली जागा शोधत राहतो." विचार करा. तुम्ही आत्ता तोंड मिटून वाचत असाल. दात कुठे आहेत याचा तुम्ही विचारही केला नसेल. त्या बाईंना दिवसभर त्याचाच विचार करावा लागायचा. देवाने दिलेली एक जागा होती, ती मी तांदळाच्या कणीकणीने पुसून टाकली होती.

निर्मळला त्यांच्या घरी सुकेळी होतात, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली. चिवट, गोड. दरवर्षी मला एक डबा यायचा. त्या वर्षी दोन डबे आले. म्हणाल्या, माझा वाटा तुम्हीच खा, मला चावत नाही. मी खाल्ली ती सुकेळी. घरी नेली, सगळ्यांनी खाल्ली.

एकदा त्यांचे यजमान बरोबर आले. शेतकरी माणूस, कमी बोलणारा. दारातच उभं राहून विचारलं, "ताई, आधी इतकं नव्हतं ना हिला?" किती साधा प्रश्न! खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणाले, "चावा जन्मापासूनच वाकडा आहे त्यांचा. इतके दिवस दबून होतं, आता उघडकीला येतंय." हे मी अडखळत म्हणाले नाही. अगदी स्वच्छ, समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांनी मान हलवली. कपाटात मागे, चार पावलांवर, ते पहिले साचे होते — न डुगडुगणारे.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तुम्हाला तसंच वाटत असेल. नाही. पूर्ण नाही. अर्धी जाणीव होती, आणि ती अर्धी जाणीव मी उशाखाली दाबून ठेवली होती. मग एका सभेत उरलेली अर्धीही मिळाली. तिथे एक वयस्क शिक्षिका बोलायला होत्या. बारीक आवाज, चित्रं वगैरे नाहीत. त्या म्हणाल्या, चाव्याचा आणि या सांध्याच्या दुखण्याचा संबंध आपण समजत होतो तितका सरळ नाही, बऱ्याच जणांत तो नसतोच. जे परत फिरवता येत नाही ते आधी करू नका. पेशंटच्या तोंडात कागद घालण्याआधी त्याला विचारा, दिवसभर तू तुझ्या जबड्याचं काय करतोस? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटत होतं, त्या माझ्याकडेच बघून बोलताहेत. मी सगळ्यात मागच्या रांगेत होते. मी हेमाताईंना हे कधी विचारलं होतं? दोन वर्षांत एकदा तरी?

आणि उत्तर मला न विचारताच मिळालं.

कार्तिकात निर्मळची जत्रा असते. देवळात दर्शन घेतलं, आणि इतक्या जवळ येऊन गेले नाही तर वाईट दिसेल म्हणून हेमाताईंच्या घरी गेले. सकाळची वेळ. ओटीवर फुलांच्या राशी, आणि त्या आणि त्यांची मुलगी कल्याणी समोरासमोर बसून गजरे करत होत्या. केळीच्या खोडाचं वाळलेलं साल, म्हणजे सोपट, भिजवून त्याच्या पट्ट्या काढतात, तोच त्यांचा दोरा. बाकी ठिकाणी बायका दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात. यांच्या सासरी फुलांना पाय लावत नाहीत. देवाचे हार करायचे तर दोरा दाराच्या कडीला बांधतात, कारण देवाला उष्टं चालत नाही. पण केसांतल्या गजऱ्याला ते सोवळं नाही. तो भरभर व्हायला हवा. म्हणून गजऱ्याचा दोरा दातात.

हेमाताईंनी दोऱ्याचं टोक डाव्या दाढांत धरलं होतं आणि हात पुढे ओढत होते. प्रत्येक गाठीला जबडा डावीकडे सरकायचा, ताणायचा, थांबायचा. गाठ. पुन्हा. गाठ. पुन्हा. हे लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी, सणावारी दुपारपर्यंत. त्या हसल्या तरी दोरा सोडला नाही, दातांतूनच या या म्हणाल्या. समोर कल्याणी. तिच्याही डाव्या दाढांत दोरा. तीही सातवी-आठवीपासून आईसमोर बसत होती. दोघींचे जबडे एकाच तालात सरकत होते.

दुपारपर्यंत लागणारा ठणका. डावी बाजू. सगळं समोर मांडून ठेवलं होतं, त्या ओटीवर, फुलांच्या शेजारी. चावा नव्हताच कुठे. मी दोन वर्षं चुकीच्या घरात चोर शोधत होते, आणि घर मोडून ठेवलं होतं.

आणि तिथेच दाराला कडी होती. माझ्या हातभर अंतरावर. तिला झेंडूच्या हाराचा दोरा लोंबत होता.

'हेमाताई, गजऱ्याचाही दोरा कडीला बांधा.' एवढंच वाक्य. याला दातांच्या कण्या कराव्या लागल्या नसत्या. एकदा म्हटलं असतं तर कल्याणी तरी वाचली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, म्हणजे दोऱ्यामुळे होतंय का हे? मग दात कशाला घासलेत? त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी पहिलं वाक्य गिळलं. चहा आला. त्यांनी स्वतःचा चहा निववून घेतला, गरमही सोसत नव्हतं. मी बिस्किट बुडवून खाल्लं, जत्रेतल्या गर्दीबद्दल बोलले, आणि आले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. तो एवढाच असता तर — पण नाही. मी अजून तिथे पोहोचलेलीच नाही. वळसे घेते आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी हेमाताई कल्याणीला घेऊन आल्या. लग्न ठरलं होतं, चार महिन्यांवर आलं होतं. कल्याणी वसईत एका ऑफिसात नोकरीला, चटपटीत मुलगी. आईशी घरच्या बोलीत बोलायची आणि माझ्याशी वळून शहरी मराठीत. म्हणाली, "डॉक्टर, मला पण आवाज यायला लागलाय. दुखत नाही, पण आई जाम टेन्शन घेतेय." दुखत नाही. ऐकलंत? फक्त आवाज. हेमाताईंनी माझा हात धरला. "माझंच गेलंय हिच्यात. माझ्यासारखं होण्याआधी, लग्नाआधी काय ते उरकून टाका. तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

मी कल्याणीचं तोंड उघडून पाहिलं. इतके सुंदर दात मी क्वचित पाहिलेत. एक डाग नाही, एक कीड नाही. वरचे खालचे असे बसलेले की बघत राहावं. नेहमीप्रमाणे तिचेही साचे काढून ठेवले.

मला माहीत होतं. या वेळी अर्धं नाही, पूर्ण माहीत होतं. कारण काय आहे ते मी डोळ्यांनी पाहून आले होते. उपाय काय आहे तेही माहीत होतं. काहीही करायचं नव्हतं. 'काही करायचं नाही' असं म्हणायचं होतं, बस्स. पण मुलीला काही करायचं नाही म्हटलं असतं, तर त्याच आवाजासाठी आईला दोन वर्षं काय केलंत? हेमाताई शेजारी उभ्या होत्या. घासून सपाट झालेले दात ओठांनी झाकत, माझ्याकडे आशेने बघत. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ट्रेमधून निळा कागद उचलला.

चावा, म्हटलं. उघडा. चावा.

डाग आला. येणारच होता.

तीन वेळा बोलावलं तिला. चार दाढा. आईला खरं सांगावं लागू नये म्हणून मी मुलीचे निरोगी दात घासले. चुकून नाही, अज्ञानाने नाही. माझं नाव जपण्यासाठी. हेच ते. हेच मी कोणाला सांगितलेलं नाही. आता लिहून झालं.

दोरा कडीला बांधण्याबद्दल तेव्हाही बोलले नाही. घासलेले दात आणि तोच दोरा, रोज सकाळी. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कल्याणीचा फोन आला की जबडा अडकतोय, जांभई देता येत नाही. मी म्हणाले, लग्नाची धावपळ आहे, होतं असं. शेक द्यायला सांगितलं. शेक! चार वर्षांपूर्वी तिच्या आईला द्यायला हवा होता तो शेक.

लग्नाला मी गेले. न जाऊन कसं चाललं असतं? पहिल्या पत्रिकांतली एक माझी होती. पंगत बसली, घास भरवायची वेळ आली. मुलाने नाव घेतलं, टाळ्या पडल्या, त्याने जिलबीचा तुकडा पुढे केला. कल्याणीने तोंड उघडलं. दीड बोट. जेमतेम दीड बोट उघडलं आणि थांबलं. जिलबी ओठांना लागून राहिली. लोक हसले, "अगं, आ कर की! लाजतेय बघा!" त्याने तुकडा मोडून लहान केला. पुन्हा नाही गेला. आणखी लहान केला. हसणं वाढलं. कोणीतरी मोबाइल पुढे केला. कल्याणी हसायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून. तिला माहीत होतं कशाने ते. तिच्या आईला माहीत होतं. आणि मला.

पंगतीनंतर मुलाच्या आई माझ्याकडे आल्या. चांगल्या होत्या, काळजीनेच विचारलं, की तुम्ही दातांच्या डॉक्टर ना, सूनबाईला काही दुखणं आहे का? हेमाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तुम्ही सांगा, अजून एक संधी माणसाला किती वेळा मिळते?

मी म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही. जबड्याची ठेवण आईवर गेलीय तिची. आईकडूनच आलंय."

हेमाताईंनी मान खाली घातली. नवऱ्या मुलाच्या आईसमोर, स्वतःच्या मुलीच्या लग्नात, एखाद्या चोरासारखी. दोन क्षणांनी त्या विहीणबाईंना हात जोडून म्हणाल्या, "माझ्यामुळे पोरीला भोगावं लागतंय हो." आणि मी तिथे उभी होते. हातात अक्षता वाटल्यानंतर उरलेली रिकामी पुडी होती, ती मी चुरगळत होते.

यालाही आता दीड वर्ष झालं. कल्याणी मऊ भात खाते, कामावर जाते, फोनवर बोलताना मध्येच थांबते. सुट्टीला माहेरी आली की आईसमोर ओटीवर बसते. माझ्याकडे आता येत नाही. मुंबईला कोणाला तरी दाखवलं आहे. त्या डॉक्टरांनी तिचे सुरुवातीचे साचे मागवले होते, आधी चावा कसा होता ते बघायला. मी कळवलं की जुने साचे मी ठेवत नाही.

गेल्या मंगळवारी दवाखाना उघडण्याआधी मी कपाटातून खोका काढला. त्यावर माझ्याच अक्षरात हेमाताईंचं नाव आहे. शेजारी दुसरा खोका आहे, कल्याणीचा. दोन्ही उघडले. आईचे साचे एकमेकांवर ठेवले. 'टक' असा आवाज झाला आणि बसले. मुलीचे ठेवले. टक. बसले. चारही बाजूंनी ढकलून बघितलं. कुठे काही हललं नाही. मग खोके बंद करून होते तिथे ठेवले.

अकराच्या सुमाराला हेमाताई आल्या. काही दुखत नव्हतं म्हणाल्या, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त नव्हतं. माहेरी आल्या होत्या, उमेळ्यात भाऊ आहे, म्हणून सहज डोकावल्या. माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता, सकाळीच केलेला, ओला. पानात गुंडाळून दिला. मी उलगडला. टोकाला सोपटाचा दोरा चपटा झाला होता, आणि त्यावर दातांची खूण होती.

मी ती खूण पाहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, आवडला का म्हणून. खूप आवडला म्हणाले. त्यांच्यासमोरच केसांत माळला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.